छापलेली सच्छिद्र सिरॅमिक जाळी, हाड आणि दात : छपाईनंतरची भट्टी व जबड्यातला उपयोग

भट्टीकर (बडोदा)

नमस्कार मंडळी.

विद्युत-इन्सुलेटर बनवणाऱ्या कारखान्यांमध्ये भट्ट्या सांभाळण्यात माझा नोकरीचा सगळा काळ गेला आणि निवृत्तीनंतर मी बडोद्यातच राहिलो आहे. अलीकडे अभियांत्रिकीची काही मुले माझ्याकडे येतात. त्यांनी पेस्ट बारीक नोझलमधून दाबून थरावर थर रचणारे यंत्र स्वतः जुळवले आहे आणि त्यावर ती हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटच्या, जाळ्या छापतात. पुढे कधीतरी अशा जाळ्या हाडातली पोकळी भरण्यासाठी वापरता याव्यात, ही त्यांची धडपड आहे. यंत्रावरून उतरलेली जाळी अगदी रेखीव असते. भट्टीतून बाहेर येते तेव्हा मात्र ती तडकलेली किंवा एका बाजूला झुकलेली असते. मुलांचे सारे लक्ष यंत्राकडे आहे, आणि माझे म्हणणे असे आहे की या कामातली छपाई हा सोपा भाग असून खरा निकाल भट्टीत आणि त्यानंतर शरीरात लागतो. हा धागा त्यासाठीच काढत आहे. डॉक्टर मंडळींनी आपल्या बाजूने लिहावे, अशी विनंती आहे.

विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आपल्या हाडाच्या वजनातला सुमारे ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन व पाणी यांचा. हे खनिज म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. त्याची रचना हायड्रॉक्सीॲपेटाइटशी जुळते, मात्र त्यात थोडे कार्बोनेट मिसळलेले असते. शुद्ध हायड्रॉक्सीॲपेटाइटमध्ये कॅल्शियमचे फॉस्फरसशी प्रमाण १.६७ असते, तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये ते १.५ असते. हा आकड्यांतला फरक लहान दिसतो, परंतु शरीरात पहिला पदार्थ वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसरा काही महिन्यांपासून एक-दोन वर्षांपर्यंतच्या काळात विरघळत जातो. तिसरा पदार्थ म्हणजे बायोग्लास. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये तो तयार केला. त्यात वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम ऑक्साइड व कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी २४.५ टक्के आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. शरीरातल्या द्रवात या काचेच्या पृष्ठभागावर ॲपेटाइटचाच थर जमतो आणि त्या थराला हाड चिकटते.

हाडातली पोकळी खनिजाने भरण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत ड्रीसमन यांनी १८९२ मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसने हाडातल्या पोकळ्या भरल्याची नोंद आहे, तर अमेरिकेत ॲल्बी यांनी १९२० मध्ये कॅल्शियम फॉस्फेट वापरले. प्रश्न नेहमी एकच राहिला. भरीव तुकडा बसवला तर हाड त्याच्याभोवती वाढते, आत शिरत नाही. आत शिरायचे तर वाट हवी. पेशी रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दूर गेली की तिला प्राणवायू पुरत नाही, म्हणून जाळीच्या आत रक्तवाहिन्याही पोहोचल्या पाहिजेत. १९७० च्या सुमारास हल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून छिद्राची किमान मर्यादा १०० मायक्रॉनच्या आसपास मानली जाऊ लागली. आज रक्तवाहिन्यांसह चांगले हाड वाढावे यासाठी ३०० मायक्रॉन किंवा त्याहून मोठी छिद्रे सुचवली जातात.

छिद्रे पाडण्याच्या जुन्या पद्धतींत स्पंज सिरॅमिकच्या पातळ गाऱ्यात बुडवून जाळणे किंवा भुकटीत मीठ, मेण यांसारखे कण मिसळून नंतर ते काढून टाकणे असे उपाय असत. त्यांत छिद्रे होतात, पण कोणते छिद्र कोणाला जोडलेले आहे यावर आपला ताबा राहत नाही, आणि बंद छिद्राचा हाडाला काहीच उपयोग नाही. छपाईचे महत्त्व माझ्या मते एवढ्याच एका गोष्टीत आहे, ते म्हणजे मोकळी जागा आपण ठरवून आखू शकतो.

आता भट्टीचे गणित. पेस्टमध्ये आकारमानाने ४५ टक्के भुकटी असेल आणि भाजल्यावर भिंती ९७ टक्के घट्ट झाल्या, तर प्रत्येक लांबी मूळच्या सुमारे ७७ टक्के उरते. म्हणजे ४०० मायक्रॉनचे अंतर हवे असेल तर ते छापताना ५१५ मायक्रॉनच्या आसपास ठेवावे लागते. भुकटी ५० टक्क्यांवर नेली तर आकसणे २० टक्क्यांवर येते. जबड्याच्या खाचेत नेमका बसणारा तुकडा करायचा असेल, तर हे आकसणे तिन्ही दिशांना सारखे होते का, हे मोजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

डॉक्टरांना माझा प्रश्न असा आहे: छिद्रे किती मोठी हवीत आणि ताकद किती हवी, याचे उत्तर दातांच्या कामात आणि हातापायांच्या हाडांत एकच आहे का?

दंतवैद्य_रावपुरा

भट्टीकर काका, विषय नेमका मांडलात. मी हिरड्यांच्या आजारांवर काम करते, म्हणून आपल्या प्रश्नाच्या दातांकडच्या बाजूबद्दल लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण रुग्ण वारंवार विचारतात: या जाळीतून नवा दात उगवत नाही. दाताच्या वरच्या कवचात सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे ते कवच झिजले की शरीर ते पुन्हा बनवू शकत नाही. त्याच्या आतल्या दंतिनाचे तसे नाही. दाताच्या गाभ्यातल्या पेशी आयुष्यभर थोडे थोडे दंतिन तयार करत राहतात. आमच्या कामात सच्छिद्र सिरॅमिक लागते ते दाताला धरून ठेवणाऱ्या हाडासाठी. दाढ काढल्यानंतर तिच्या खाचेभोवतीचे हाड विरत जाते आणि पहिल्या सहा महिन्यांतच जबड्याच्या कडेची रुंदी लक्षणीय घटते. पुढे तिथे इम्प्लांट, म्हणजे दाताचे कृत्रिम मूळ, बसवायचा म्हटले की हाडच पुरेसे उरलेले नसते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेची पोकळी असते आणि तिचा तळ खाली सरकलेला असेल, तर तो उचलून खाली हाडाची भर घालावी लागते. हिरड्यांच्या जुन्या आजारात मुळांच्या बाजूने हाडात खोल खड्डे पडतात, त्यांचाही यात समावेश होतो.

यातल्या बऱ्याच ठिकाणी छापलेल्या तुकड्याची गरज नसते, हे मी आग्रहाने सांगते. खड्ड्याला तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असतील तर अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे भरून वर पडदा घातला की काम होते. दाण्यांमधली जागाच छिद्राचे काम करते. पडदा अशासाठी लागतो की हिरडीची ऊती हाडापेक्षा वेगाने वाढते आणि मोकळी सोडली तर हाडाची जागा ती आधी व्यापते. छापलेला तुकडा उपयोगी पडतो तो भिंती उरलेल्या नसतात तेव्हा, विशेषतः जबड्याच्या कडेची उंची वाढवायची असते तेव्हा, कारण दाणे तिथे थांबत नाहीत, घसरतात. अशा वेळी जबड्याच्या स्कॅनवरून घडवलेला, खाली घट्ट बसणारा तुकडा खरोखर हवा असतो. घट्ट बसणे हा केवळ सोयीचा भाग नाही. तुकडा हलत राहिला तर त्याच्या आणि हाडाच्या मध्ये तंतुमय ऊती तयार होते, हाड होत नाही.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की दातांच्या कामात ताकद तुलनेने कमी चालेल. चावण्याचा दाब त्या काळात आम्ही त्या जागेवर येऊ देत नाही. मात्र तुकड्याच्या कडा गुळगुळीत हव्यात. धारदार कोपरा वरच्या पातळ हिरडीला आतून टोचतो, हिरडी उघडते आणि तोंडातल्या जंतूंना थेट छिद्रांत वाट मिळते. एकदा जाळीत जंतू शिरले की बहुतेक वेळा ती काढावीच लागते. मुलांनी आराखडा करताना छिद्रांइतकाच विचार वरच्या पृष्ठभागाचा करावा.

कारेलीबागकर

मी या क्षेत्रातला नाही. माझ्या मेहुण्यांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला आणि खालच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला. डॉक्टरांनी पायातले हाड घेऊन जबडा पुन्हा बांधला. शस्त्रक्रिया पार पडली, परंतु पायाची जखम भरायला बराच वेळ लागला आणि त्यांना त्याचा खूप त्रास झाला. अशा रुग्णासाठी पायाला हात न लावता छापलेला जबडा बसवता येईल का? गुजरातेत असे रुग्ण पुष्कळ दिसतात, म्हणून विचारतो.

अस्थिरोग_निवासी

कारेलीबागकर, आपल्या मेहुण्यांची प्रकृती आता ठीक असेल अशी आशा करतो. आपल्या प्रश्नाचे आजचे प्रामाणिक उत्तर असे आहे की एवढ्या मोठ्या तुकड्यासाठी पायातले हाडच सर्वांत भरवशाचे आहे.

नडगीशेजारचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, घेतात तेव्हा ते आपल्या रक्तवाहिनीसकट घेतात आणि ती वाहिनी मानेतल्या वाहिनीला जोडतात. त्यामुळे ते हाड नव्या जागी पहिल्या दिवसापासून जिवंत असते. सिरॅमिकची जाळी कितीही उत्तम असली तरी बसवताना ती रक्तहीन असते. रक्तवाहिन्या दोन्ही टोकांकडून हळूहळू आत शिरतात, आणि काही सेंटिमीटरच्या तुकड्याच्या मध्यापर्यंत त्या पोहोचतीलच याची खात्री देता येत नाही. त्यात कर्करोगाच्या रुग्णाला पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावे लागतात. किरणांनी सिरॅमिकचे काही बिघडत नाही, पण ज्या हाडातून आणि ऊतींतून नव्या वाहिन्या फुटायच्या, त्यांचीच क्षमता घटते. ज्या रुग्णाला अशा जाळीची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच शरीरात तिला सर्वांत कमी साथ मिळते, आणि ही अडचण अधिक चांगली छपाई करून सुटणारी नाही.

ताकदीविषयीही लिहितो. हाडाच्या बाहेरच्या घट्ट कवचाची दाब सोसण्याची ताकद साधारण १०० ते २०० मेगापास्कल (दाबाचे एकक) असते, तर आतल्या जाळीदार हाडाची २ ते १२ मेगापास्कल. सच्छिद्र सिरॅमिक दुसऱ्या पंक्तीत सहज बसते. पण मांडीच्या किंवा नडगीच्या हाडावर नुसता दाब येत नाही. ते वाकते, पिळले जाते, आणि सिरॅमिक ताणाला व वाकण्याला फार कमजोर असते. म्हणून आमच्याकडे अशा जागी भार प्लेट किंवा रॉड घेतो आणि जाळी फक्त पोकळी भरते. नडगीचा वरचा सांधा खचून मोडतो, तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग उचलल्यावर खाली जी पोकळी उरते, तिथे सिरॅमिकची भर चांगली उपयोगी पडते, कारण तिथे मुख्यतः दाबच असतो आणि बाजूला प्लेट असतेच.

रुग्णाच्या कंबरेच्या हाडातून घेतलेली भर आजही सर्वोत्तम मानली जाते. तिच्यात जिवंत पेशी असतात आणि हाड वाढवणारी प्रथिनेही असतात. तिचा दोष म्हणजे ती मर्यादित मिळते आणि काढलेल्या जागेचे दुखणे काही रुग्णांत बराच काळ राहते. छापलेल्या जाळीने हे दुखणे वाचवले, तरी माझ्या दृष्टीने ते मोठे यश ठरेल.

पदार्थविज्ञान

निवासी डॉक्टरांच्या आकड्यांना जोडून एक गणित मांडतो. मी याच विषयावर संशोधन करतो.

स्पंजासारख्या अनियमित रचनेत ठिसूळ पदार्थाची ताकद घनतेच्या दीडाव्या घाताने घटते. छिद्रांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेले, म्हणजे घन भाग ०.५ वरून ०.३ वर आला, तर ताकद पूर्वीच्या ४६ टक्क्यांच्या आसपास उरते. पण जाळीतले खांब सरळ भाराच्या दिशेत उभे असतील तर घट घन भागाच्या प्रमाणातच होते, म्हणजे ६० टक्के ताकद उरते. तेवढीच छिद्रे ठेवून केवळ मांडणी बदलल्याने हा फरक पडतो, आणि छपाईचा हा लाभ भट्टीकर काकांच्या यादीत जोडावा असे मला वाटते. अर्थात, असा तुकडा आडव्या भारात कमजोर पडतो, म्हणून तो कोणत्या दिशेने बसवायचा हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे आणि तुकड्यावर तशी खूण हवी.

मुले ज्या पद्धतीने छापतात, तिला रोबोकास्टिंग म्हणतात. ती अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जोसेफ सेझरानो आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात विकसित केली. तिच्यात लाकडाच्या ओंडक्यांची रास रचावी तसे धागे एकावर एक आडवे-उभे पडतात. याचा एक परिणाम दुर्लक्षिला जातो: अशा रचनेत छिद्रांच्या भिंती सगळीकडे बाहेर फुगलेल्या, बहिर्गोल असतात. पेशींवरच्या प्रयोगांत मात्र नवी ऊती आत वळलेल्या, अंतर्गोल पृष्ठभागावर अधिक वेगाने भरते असे दिसते. म्हणूनच अलीकडे जायरॉइड या रचनेकडे लक्ष गेले आहे. नासात काम करणाऱ्या ॲलन शोएन यांनी १९७० मध्ये तिचे वर्णन केले. त्या पृष्ठभागाला कुठेही कोपरा नाही, छिद्रे अखंड जोडलेली राहतात आणि ताण एका जागी साचत नाही. पण जायरॉइड नोझलने नीट छापता येत नाही. त्यासाठी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये सिरॅमिकची भुकटी मिसळून थरावर थर प्रकाशाने गोठवण्याची पद्धत लागते. तिचे थर २५ ते १०० मायक्रॉनचे असतात आणि रेखीवपणा फार वरचा असतो. अडचण अशी की त्या तुकड्यात निम्म्याहून अधिक आकारमान रेझिनचे असते आणि ते सगळे जाळून बाहेर काढावे लागते.

एक मतभेदही नोंदवतो. केवळ मोठी छिद्रे पुरेशी नाहीत. भिंतींमध्येही काही मायक्रॉनची सूक्ष्म छिद्रे ठेवली तर प्रथिने अधिक चिकटतात आणि द्रव आत झिरपतो. काका भिंती ९७ टक्के घट्ट भाजायचे म्हणतात. मी त्या थोड्या कमी भाजाव्यात असे म्हणेन.

भट्टीकर (बडोदा)

डॉक्टरताई, निवासी डॉक्टर आणि पदार्थविज्ञान, तिघांचेही मनःपूर्वक आभार. शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो.

कमी भाजल्याने सूक्ष्म छिद्रे राहतात हे खरे आहे, पण भिंत किती कमी भाजली यावर ताबा ठेवणे हे पूर्ण भाजण्यापेक्षा अवघड आहे. हायड्रॉक्सीॲपेटाइट १२०० ते १३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होते, आणि त्या टप्प्यात भट्टीच्या दोन कोपऱ्यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असला तरी दोन तुकड्यांची घनता वेगळी येते. मुलांकडे जी भट्टी आहे, तिच्यात असा फरक सहज असू शकतो. म्हणून माझे मत असे की आधी पूर्ण घट्ट, एकसारखे तुकडे पुन्हा पुन्हा काढून दाखवावेत. सूक्ष्म छिद्रांचा प्रयोग त्यानंतर करावा, नाहीतर फरक छिद्रांमुळे पडला की भट्टीमुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही.

तडे कुठे पडतात, याविषयी सविस्तर लिहितो, कारण मुलांचा मूळ प्रश्न तोच होता. पहिला धोका वाळण्याचा. नोझलमधून आलेल्या धाग्यात पाणी असते, बाहेरचे धागे आधी सुकतात आणि आतले ओले राहतात, म्हणून बाहेरचे आकसून फाटतात. बडोद्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत आणि श्रावणातल्या दमट हवेत एकच पेस्ट निराळी वागते. तुकडा झाकणाच्या पेटीत, आत ओलसर कापड ठेवून सावकाश वाळवावा आणि पंख्याखाली कधीही ठेवू नये. दुसरा धोका पेस्टमधली बंधक द्रव्ये जळण्याचा. साधारण २०० ते ६०० अंशांच्या दरम्यान ती वायू होऊन बाहेर पडतात, आणि तापमान वेगाने वाढवले तर वायूला बाहेर पडायला वाट न मिळाल्याने भिंत फुगते किंवा फुटते. या टप्प्यात मिनिटाला १ अंश किंवा त्याहूनही मंद वेग ठेवावा. रेझिनच्या तुकड्यांना तर याहून अधिक सबुरी लागते.

तिसरा धोका पदार्थाच्या स्वभावातला आहे. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सुमारे ११२५ अंशांच्या वर गेले की बीटा रूपातून अल्फा रूपात जाते, आणि अल्फा रूपाची घनता कमी असल्याने आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आकसत असलेल्या नाजूक जाळीत मध्येच असे फुगणे झाले की बारीक तडे पडतात, शिवाय अल्फा रूप शरीरात फार लवकर विरघळते. त्यामुळे बीटा रूप हवे असेल तर त्या मर्यादेखालीच थांबावे लागते आणि तेवढ्या तापमानात घट्टपणा येण्यासाठी भुकटी अधिक बारीक लागते. हायड्रॉक्सीॲपेटाइटला मोकळीक जास्त आहे, पण १३०० अंशांच्या पलीकडे तेही पाणी सोडून फुटू लागते.

झुकण्याचे कारण बहुधा खालची पाटी असते. तुकडा आकसताना त्याचा तळ पाटीला घासून अडतो आणि वरचा भाग मोकळेपणी आकसतो. तळाशी त्याच पदार्थाच्या जाडसर भुकटीचा पातळ थर पसरला की तो सरकायला मोकळा होतो. इन्सुलेटरच्या कामातही आम्ही याच प्रकारची काळजी घेत असू.

कुंभारकाम_शिकणारी

मी मातीची भांडी बनवायला शिकते. बोन चायनात निम्म्याच्या आसपास जनावरांच्या हाडांची राख असते आणि तीही कॅल्शियम फॉस्फेटच असते. मग हीच राख वापरून जाळी छापता येणार नाही का? ती स्वस्त पडेल.

दंतवैद्य_रावपुरा

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन भागांत देते. जनावरांच्या हाडापासून बनवलेली भर दंतवैद्यकात अनेक वर्षे वापरात आहे. गाईच्या हाडातला सेंद्रिय भाग पूर्ण काढून उरलेले खनिज दाण्यांच्या रूपात मिळते, आणि त्याची नैसर्गिक छिद्रे उत्तम असतात. पण ती प्रक्रिया अतिशय काटेकोर असते. भांड्यांसाठी केलेल्या राखेत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसारखे जड धातू किती आहेत याची कोणी हमी देत नाही, आणि रोपणाच्या पदार्थात त्यांच्या मर्यादा फार कडक असतात.

दुसरा भाग आमच्या गावाचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत जैन आणि वैष्णव कुटुंबे पुष्कळ आहेत. भर कशाची आहे हे ते विचारतात आणि विचारले नाही तरी मी आधीच सांगते, कारण शरीरात कायमचे राहणारे द्रव्य कोठून आले हे जाणण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. गाईच्या हाडाचे नाव ऐकताच अनेक जण नकार देतात. या रुग्णांसाठी प्रयोगशाळेत रसायनांपासून बनवलेले कॅल्शियम फॉस्फेट हाच मार्ग उरतो. म्हणून बडोद्यातल्या मुलांनी हे काम हाती घेतले याचे मला विशेष मोल वाटते.

विरघळण्याच्या वेगाबद्दलही माझा अनुभव लिहिते. जिथे पुढे इम्प्लांट बसवायचा आहे तिथे मला भर हळूहळू जाऊन तिची जागा खऱ्या हाडाने घेतलेली हवी असते. जिथे फक्त कडेचा आकार टिकवायचा आहे, उदाहरणार्थ पुढच्या दातांच्या वरची गोलाई, तिथे मला टिकणारा पदार्थ हवा असतो. म्हणून ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असे मिश्रण पुष्कळ वापरले जाते. फार लवकर विरघळणारी भर हाड येण्याआधीच खचते, आणि ते मला सर्वांत धोक्याचे वाटते.

अस्थिरोग_निवासी

यात एक भर घालतो. हायड्रॉक्सीॲपेटाइट केवळ पाण्यात विरघळून जात नाही. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी पृष्ठभागाला चिकटतात, तिथे आम्ल सोडतात आणि खनिज खरवडून काढतात. त्यामागून हाड बांधणाऱ्या पेशी येतात. ज्या रुग्णाला हाडांच्या ठिसूळपणासाठी या खरवडणाऱ्या पेशी थांबवणारी औषधे चालू आहेत, त्याच्यात जाळीची जागा हाडाने घेण्याचा वेग कमी होऊ शकतो, आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेत त्या औषधांची स्वतंत्र जोखीम असतेच. जाळी निवडण्याआधी रुग्णाची औषधे विचारलीच पाहिजेत.

दांडियाबाजार

सगळी चर्चा वाचली. मला एवढेच विचारायचे आहे की मुलांनी चांगला तुकडा तयार केला, तर तो रुग्णाला बसवण्यापर्यंतचा रस्ता कसा असतो?

पदार्थविज्ञान

तो रस्ता लांब आहे आणि तसाच असायला हवा. भारतात रोपणाची साधने वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ यांच्या कक्षेत येतात. हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांत जोखमीनुसार अ पासून ड पर्यंत चार वर्ग आहेत आणि शरीरात विरघळणारी रोपणे वरच्या जोखमीच्या वर्गांत मोडतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला तुकडा, कितीही चांगला असला तरी, रुग्णाच्या शरीरात जाऊ शकत नाही. त्याआधी पदार्थ पेशींना विषारी नाही हे दाखवणाऱ्या चाचण्या, संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या परवानगीने केलेले प्राण्यांवरचे प्रयोग, दर्जा सांभाळणारी उत्पादनव्यवस्था आणि मग मान्यता घेऊन केलेल्या रुग्णचाचण्या, असे टप्पे असतात.

मुलांच्या हातात जे आहे ते मात्र आजच करता येईल. जपानच्या तदाशी कोकुबो यांनी रक्तद्रवाशी जुळणारे क्षारांचे द्रावण सुचवले. त्यात ३७ अंशांवर तुकडा ठेवून पृष्ठभागावर ॲपेटाइट जमते का ते पाहतात. ही चाचणी स्वस्त आहे, पण तिचा अर्थ ताणू नये. त्या द्रावणात ना पेशी असतात ना प्रथिने, त्यामुळे थर जमला म्हणजे हाड वाढेलच असे सिद्ध होत नाही. ताकदीसाठी मोजक्या तुकड्यांची सरासरी देऊन थांबू नये. सिरॅमिक आपल्यातल्या सर्वांत मोठ्या दोषापाशी तुटते आणि तो दोष प्रत्येक तुकड्यात निराळा असतो, म्हणून सुमारे ३० तुकडे तोडून त्यांचा विखुरलेपणा सांगावा. निर्जंतुकीकरणाचाही विचार आत्ताच करावा. हायड्रॉक्सीॲपेटाइटला वाफेचे १२१ अंशांचे निर्जंतुकीकरण चालते. बायोग्लास मात्र पाण्याशी लगेच अभिक्रिया करते, म्हणून त्याला वाफ देऊ नये.

भट्टीकर (बडोदा)

पदार्थविज्ञान यांनी मुलांसमोर ठेवलेल्या कामात मी एकच पायरी सर्वांत आधी ठेवतो. पुढची जाळी छापण्यापूर्वी त्यांनी त्याच पेस्टचे साधे भरीव ठोकळे करून भट्टीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी एकाच वेळी भाजावेत, आणि प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची भाजण्यापूर्वी व नंतर मोजून लिहावी. लांबी व रुंदीचे आकसणे एकसारखे आणि उंचीचे वेगळे आले तर पेस्ट व थरांची जुळणी तपासायची. कोपऱ्यागणिक वेगळे आले तर भट्टी. भट्टीवरच्या आकड्यावर विसंबू नये, ठोकळ्यांच्या शेजारी दुसरे थर्मोकपल (भट्टीतले तापमान मोजणारे साधन) ठेवून तापमान पडताळावे. नोंदी हातात आल्यावर ताईंनी सांगितलेल्या गोलसर कडांचा पहिला आराखडा आपण याच धाग्यावर पाहू. निवासी डॉक्टरांनी भार कोणत्या दिशेने येतो ते त्यावर खुणेने दाखवावे, म्हणजे खांबांची दिशा ठरवता येईल.